उसने पणजोबा

माझी भाची चित्रकार आहे. साधी नाही, समकालीन. हा शब्द तिच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेला असतो, त्यामुळे तो मला पाठ झाला आहे. मला विचाराल तर समकालीन चित्रकार म्हणजे ज्याच्या चित्राची वरची बाजू कुठली हे त्यालाच विचारावं लागतं. पण मला कोणी विचारत नाही. मी आत्या. आत्याने जेवलात का विचारावं आणि बाजूला व्हावं अशी घरात समजूत आहे, आणि ती मी आयुष्यात एकदाही पाळलेली नाही.

तिला आम्ही चोच म्हणतो. हे नाव शाळेतल्या मुलींनी तिच्या नाकावरून ठेवलं. ती रडत घरी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या मुलींना नावं ठेवली आणि आठवड्याभरात तेच नाव स्वतः वापरायला लागलो. नाक खरंच लांब आहे. तिच्या आईच्या माहेरी सगळ्यांचं तसंच; ती मंडळी दारात आली की आधी नाक आत येतं, मग बाकीचा माणूस. पण त्या दिवशी बारा वर्षांची पोर पलंगाखाली शिरून बसली होती आणि काही केल्या बाहेर येईना. शाळेतच जाणार नाही म्हणाली. मी तिला पायाला धरून बाहेर ओढलं, पुढच्या खोलीत नेलं, भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभं केलं आणि म्हटलं, "हे बघ. हे तुझे पणजोबा. हे नाक त्यांचं आहे. असलं नाक कोणालाही मिळत नाही."

पोरीने नाक पुसलं. बराच वेळ वर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मान ताठ करून शाळेत गेली. मी स्वतःवर फार खूश होते. तसबिरीतले गृहस्थ तिचे पणजोबा नव्हते ही एक अडचण सोडली तर सगळं छान जुळून आलं होतं.

आता ते कोण होते हे सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करायला हवी. दुकान दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. लोक गेलेल्या माणसाचा बोटभर फोटो घेऊन यायचे आणि दादा त्यावरून हातभर उंचीची तसबीर रंगवून द्यायचे. फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. आज कान, उद्या भुवई. चेहरा दादा करायचे. गळ्याखालचं सगळं माझ्याकडे. काम कमी असे त्या दिवसांत मी गळ्याखालची धडं आधीच रंगवून ठेवायची. तीन मापांचे काळे कोट, बारीक, मध्यम आणि भरलेला, आणि बायकांसाठी राखाडी शाल. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या पंधरा-वीस बिनडोक्यांच्या कोटांतून गिऱ्हाईक एक निवडत असे. ज्याने अख्खा संसार बनियनवर केला तोही मेल्यावर आमच्याकडे तीन बटणांच्या कोटात बसायचा. पुढे कोणाच्या घरी जायची वेळ आली की भिंतीवर मला माझाच कोट दिसायचा. गावातले सगळे मेलेले एकाच शिंप्याकडे जात होते आणि तो शिंपी मी होते.

तर अशीच एक ऑर्डर. लांब नाकाचे गृहस्थ, मध्यम कोट. फोटो हरवेल म्हणून घरच्यांनी तो काम होताच परत नेला आणि तसबीर रंग वाळल्यावर नेतो म्हणून सांगितलं. रंग वाळून वर्ष झालं तरी कोणी फिरकलं नाही. दादांनी ती घरी आणून पुढच्या खोलीत टांगली, कारण तिथे भिंतीला ओल येऊन डाग पडला होता आणि तसबीर बरोबर डागाएवढी होती. मग एक दिवस शेजारचं कोणीतरी आलं आणि वर बघून म्हणालं, "वडील वाटतं तुमचे?" दादा फार कमी बोलत. नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगत बसावं लागलं असतं. ते नुसतं "हं" म्हणाले. आमच्या घराण्याचा इतिहास त्या एका "हं"वर उभा आहे.

माझा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. तो त्या तसबिरीकडे बघत मोठा झाला. परीक्षेला जाताना तिला सांगून गेला, नोकरी लागल्यावर तिला सांगायला आला, लग्न ठरल्यावर आम्हाला सांगायच्या आधी तिला सांगितलं. खरं काय ते दादांना आणि मला माहीत. चोच जन्मायच्या आधीच दादा गेले, मग ते एकट्या मला माहीत. दुकान मी आणखी काही वर्षं चालवलं. मग मोबाइल आले, पाच मिनिटांत हवा तेवढा मोठा फोटो मिळायला लागला, वर कोटही त्याच यंत्रात चढवून मिळायला लागला. मी दुकान बंद केलं आणि उरलेली धडं माळ्यावर टाकली.

चोच मोठी होऊन कलाशाळेत गेली. तिथे तिला दोन गोष्टी शिकवल्या. एक, आजोबांनी केली ती चित्रकला नव्हे. दोन, आपण कोण आहोत याचा माणसाने शोध घ्यावा. पहिली गोष्ट तिने लगेच मान्य केली. दादांचं नाव निघालं की म्हणायची, "आजोबा कॉपी करायचे गं, आत्या." मला असा राग यायचा की हातातलं काम टाकून उठून जायची. दुसऱ्या गोष्टीसाठी ती तसबिरीसमोर जाऊन बसली. एका हातात आरसा, एका हातात पेन्सिल. मी कोण आहे, असं विचारायची. आमच्या वेळी असं कोणी विचारलं की त्याला भाजी निवडायला बसवत.

मग ती माझ्याकडे वळली. "आत्या, पणजोबा कसे होते?"

"मी कुठे बघितलंय त्यांना? माझ्या जन्माआधीच गेले ते."

"पण आजोबांनी काहीतरी सांगितलं असेल ना." आणि हातात वही. वही उघडून समोर बसलेल्या पोरीला नाही म्हणणं फार कठीण असतं.

"शिस्तीचे होते," मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं. इथे थांबले असते तर ठीक होतं. पण ती रोज यायला लागली. खोटं बोलायलाही कच्चा माल लागतो, आणि माझ्याकडे साठा एकाच माणसाचा होता, दादांचा. म्हणून मी तिला दादा द्यायला लागले, थोडे थोडे करून. पणजोबा काम करताना ओठ मिटून गुणगुणत. पणजोबा चपला काढल्या की वाकून सरळ लावत, लोकांच्यासुद्धा. पणजोबांना मांजराची भीती वाटायची, रस्त्यात मांजर बसलं असेल तर ते मांजर उठेपर्यंत पणजोबा उभे राहत आणि कोणी बघितलंच तर घड्याळाला किल्ली देत. पणजोबांनी कधी कोणाला चांगलं केलंस म्हटलं नाही. काम पसंत पडलं की एवढंच म्हणत, "याला फ्रेम लावा."

माझं प्रत्येक खोटं चार महिन्यांनी चित्र होऊन परत यायचं. मांजराचं चित्र सात फुटी झालं, त्यात सहा फूट मांजर आणि कोपऱ्यात ते नाक. चपलांची अकरा चित्रं. एकात कोट पणजोबांचा आणि चेहरा तिचा, नाक दोघांचं मिळून एक. माळ्यावरची माझी धडं तिने खाली काढली आणि "अनामिक" असं नाव देऊन त्यातली चार जशीच्या तशी घेतली. तिच्या प्रदर्शनातली चार चित्रं माझी आहेत, हे मी इथे नोंदवून ठेवते.

कारण आता प्रदर्शन ठरलं होतं. मोठी गॅलरी, तिचं पहिलंच. नाव "माझ्या आधीची मी". त्यासाठी तिने शाळेतली चित्रकला शिक्षिकेची नोकरी सोडली. पलंगाखालून बाहेर काढायला म्हणून मी तिला एक नाक दिलं होतं आणि तिने त्यावर सगळं आयुष्य उभं केलं होतं. हे तिला बाहेरच्या कोणाकडून कळलं तर ती मला माफ करणार नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या कुठल्याच चित्राकडे तिला पुन्हा बघवणार नाही, हे मला दिसत होतं. सांगायला तर हवंच होतं.

तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा गेले तेव्हा ती जमिनीवर बसून कॅनव्हास ताणत होती आणि तिच्या तोंडात खिळे होते. तोंडात खिळे असलेल्या माणसाला धक्का देऊ नये. दुसऱ्यांदा मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "आत्या, पणजोबांमुळे मला स्वतःच्या तोंडाकडे बघता यायला लागलं." मी तोंड मिटलं. तिसऱ्यांदा मी सरळ चिठ्ठी लिहिली, सगळं सविस्तर, आणि तिच्या टेबलावर ठेवून आले. या मुलीला कोरा कागद दिसला की राहवत नाही. तिने चिठ्ठीच्या मागच्या बाजूवर माझं चित्र काढलं, पुढची बाजू वाचलीच नाही. वर ते फ्रेम करून प्रदर्शनात लावलं. म्हणजे माझा कबुलीजबाब भर गॅलरीत टांगलेला होता, फक्त भिंतीकडे तोंड करून.

उद्घाटनाच्या दिवशी हॉल भरला होता. लोक चित्रापासून मागे मागे जात दुसऱ्यांच्या पायावर पाय देत होते. माझा भाऊ दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला "आमचे आजोबा" म्हणून तसबिरीवरून मोठं केलेलं चित्र दाखवत होता. मी बिस्किटांच्या टेबलापाशी जागा धरली होती. तिथून दार दिसतं. साडेपाचच्या सुमाराला दारातून नाक आत आलं.

चेहऱ्यांच्या बाबतीत मी कच्ची आहे, माझं काम कोटाचं. पण हे नाक मी पन्नास वर्षं दर रविवारी फडक्याने पुसलं आहे. नाकामागे साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ होते आणि त्यांच्या हातात आमची निमंत्रणपत्रिका. ते माझ्या भावाला काही विचारणार इतक्यात मी गर्दीतून घुसून त्यांचा दंड धरला आणि त्यांना कोपऱ्यातल्या बाकावर आणून बसवलं.

"बिस्किट घ्या."

"मी दातांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले, बहुधा बिस्किट नको या अर्थाने. "एक विचारायचं होतं. या पत्रिकेवरचे हे..."

"तुमचे आजोबा," मी म्हटलं.

मग त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. बोटभर, कडा खाल्लेला. चेहऱ्यावरून पेन्सिलीच्या बारीक रेषा गेल्या होत्या, आडव्या सात, उभ्या पाच. दादांच्या रेषा. त्यांचा हात इतका हलका की पन्नास वर्षांत पुसल्या नव्हत्या आणि फोटोला ओरखडाही नव्हता. मी तो फोटो हातात घेतला आणि मला एकदम रडू आलं. डॉक्टरांना वाटलं मी त्यांच्या आजोबांसाठी रडते आहे, म्हणून त्यांनी मला बिस्किट दिलं.

तसबीर न्यायला का कोणी आलं नाही तेही त्यांनी सांगितलं. ती कोणाच्या घरी लावायची यावरून त्यांचे वडील आणि काका भांडले, आणि शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की कोणीच आणायची नाही. डॉक्टर अजिबात रागावलेले नव्हते. उलट भारावून गेले होते. "यांनी आमच्या आजोबांचा केवढा अभ्यास केलाय," ते म्हणाले. "फक्त ते मांजरांना घाबरायचे हे मला नवीन आहे. आमच्याकडे नऊ मांजरं होती. त्यांच्या पांघरुणात झोपायची."

तेवढ्यात चोच स्वतःच समोर आली. आधी तिने मला बघितलं, मग डॉक्टरांना. मग डॉक्टरांचं नाक बघितलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. ती चित्रकार आहे, तिला दोनदा बघावं लागत नाही.

मी उठले, भिंतीवरून माझी फ्रेम काढली आणि उलटी करून तिच्या हातात दिली. मागचा पुठ्ठा चिकटवलेला होता. डॉक्टरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तो असा अलगद उचकटला की माझा त्यांच्या शिक्षणावर विश्वास बसला. चोचने उभ्याने चिठ्ठी वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली.

"म्हणजे हे माझे कोणीच नाहीत."

"नाहीत."

"आणि खरे पणजोबा कसे दिसायचे?"

"ते आता कोणालाच माहीत नाही. त्यांचा फोटो नव्हता." मग मी तिला जे चिठ्ठीतही लिहिलं नव्हतं ते सांगितलं. एका सुट्टीच्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा दादा माझ्या एका कोटावर चेहरा काढत बसले होते. समोर काही नव्हतं. काढत होते, पुसत होते, परत काढत होते. गळ्याच्या वर नुसता चिखल झाला होता. मला बघून म्हणाले, "चौकटी नाहीत ना." एवढंच. मेलेल्या हजार माणसांचे चेहरे केलेल्या त्या माणसाला स्वतःचा बाप काढता आला नाही, आणि पुढच्याच महिन्यात शेजाऱ्याने विचारलं तेव्हा ते "हं" म्हणाले.

"आणि तू मला जे सांगितलंस? चपला, मांजर?"

"ते सगळं खरं आहे. ते दादा. दुसरं कोणी मला ठाऊकच नव्हतं गं."

मागे वळून तिने हॉलभर नजर फिरवली, एकेक चित्र करत. तिकडे माइकवर तिचं नाव पुकारलं. तिच्या हातात भाषणाचा कागद होता, "माझे पणजोबा" असा मथळा लिहिलेला. तो तिने माझ्या हातात कोंबला आणि गेली. मी बाकावर बसले आणि शेजारच्या थाळीतलं बिस्किट उचललं, कारण हाताला काहीतरी उद्योग हवा होता.

"ही चित्रं माझ्या आजोबांची आहेत," ती माइकवर म्हणाली. "ते तसबिरी रंगवायचे. त्यांनी नक्कल करण्यापलीकडे काही केलं नाही असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत होते. यातलं नाक त्यांचं नाही. ते त्या डॉक्टरांच्या आजोबांचं आहे. काळे कोट माझ्या आत्याने रंगवलेत. आणि हा सगळा गोंधळही तिनेच घातलाय. ती तिकडे बिस्किटं खाते आहे."

दीडशे माणसांनी वळून माझ्याकडे बघितलं. तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे मला काही खुलासा करता आला नाही.

माझा भाऊ मात्र सरळ डॉक्टरांपाशी गेला. त्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येक परीक्षेला ज्यांना सांगून गेलो, ते तुमचे आजोबा?"

"उपयोग झाला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनदा नापास झालो."

"आमच्याकडेही तसंच," डॉक्टर म्हणाले. मग दोघं मिळून मांजराच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. जाताना डॉक्टर आमच्या घरी येऊन तसबीर घेऊन गेले. भिंतीवरचा डाग इतक्या वर्षांत चांगला वाढला आहे.

चोच माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मी रोज निरोप पाठवत होते, जेवलीस का म्हणून. उत्तर नाही. नवव्या दिवशी दुपारी ती आली, खुर्ची ओढून समोर बसली आणि नवी कोरी वही उघडली.

"आता आजोबांबद्दल सांग," ती म्हणाली. "आणि या वेळी एकही शब्द खोटा नको."

"विचार."

"डोळे कुठल्या रंगाचे होते?"

"तपकिरी," मी पटकन म्हटलं. तिने लिहिलं.

ऑर्डर घेताना हा प्रश्न मीच विचारायची. फोटो काळे-पांढरे असत, म्हणून घरच्यांना विचारावं लागे, आणि निम्म्या लोकांना सांगता येत नसे. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं काढलेल्या बायका गोंधळून लेकीकडे बघत, लेकी भावाकडे बघत. मग मीच तपकिरी लिहून मोकळी व्हायची. आणि ते गेल्यावर दादांना म्हणायची, कसली माणसं ही.

मी डोळे मिटले. दादांची पाठ दिसली. दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी दिसली. चष्म्याच्या आत काही दिसेना. घरात त्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, काळा-पांढरा. भावाला विचारून उपयोग नव्हता, तो जन्मभर भिंतीकडे बघत होता. वीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून रंग कालवले होते.

"खोड ते," मी म्हटलं. "मला आठवत नाही."

ती चिडेल असं मला वाटलं. तिने तपकिरीवर रेघ मारली आणि ती ओळ तशीच रिकामी सोडली.

"बरं," ती म्हणाली. "हात कसे होते?"

हात मला येत होते. मी सांगायला लागले.